कार्डं दोन घे

बापू, व्हिसा आल्याचं कळलं. परवा स्टँडावर चहा पिताना तू विचारलंस, "अण्णा, सोबत काय काय न्यायचं?" जाणारा प्रत्येक जण पहिल्यांदा हेच विचारतो, मीही विचारलं होतं. बॅगेचं सांगतो, पण मागनं. आधी एवढं ऐक, की तुझ्या पोराला रजा टाकू देऊ नकोस.

मी लंडनला तीनदा जाऊन आलो. पहिल्या खेपेला पोरीनं दोन आठवडे रजा घेतलीय म्हणून सांगितलं. रोज सकाळी आम्हा दोघांना आवरायला लावून बाहेर काढायची. टॉवर झाला, राजवाडा झाला, थेम्सवरची बोट झाली. आम्ही खूश. तिकडं पहिले काही दिवस आपली झोप साताऱ्याच्याच घड्याळावर चालते. उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेचार तास पुढे, त्यामुळं पहाटे तीनला डोळे टक्क उघडतात. असाच एकदा पाणी प्यायला उठलो, तर स्वयंपाकघरात उजेड. पोरगी लॅपटॉप उघडून बसलेली, शेजारी गार झालेला चहा. "काय गं?" म्हटलं. "काही नाही बाबा, एक मेल राहिली होती." दुसऱ्या पहाटेही एक मेलच राहिली होती. मग जावईबापूंच्या तोंडून निसटलं, की रजा पाचच दिवसांची मिळाली होती. बाकीचं काम ती आम्ही झोपल्यावर उरकत होती.

मला लाज वाटली, बापू. चौतीस वर्षं एस.टी.त काढली. आधी कंडक्टर, मग कंट्रोलर. सणासुदीच्या गर्दीत हजारो माणसं गाडीत बसवून गावाला लावली, आणि लंडनमध्ये मला माझी पोर हाताला धरून बसमध्ये चढवत होती. दुसऱ्या खेपेला उतरल्या उतरल्या तिला म्हटलं, मला काही दाखवू नकोस. घरापासून कुठली गाडी कुठं जाते आणि परत कुठून मिळते, तेवढं सांग.

तूही तेच कर. पहिला शनिवार-रविवार पोरगा सोबत येऊ दे. सोमवारी त्याला कामाला लाव आणि तुम्ही दोघं बाहेर पडा.

आता बसचं नीट ऐक, कारण तिथं आपली विद्या उपयोगी पडते आणि आडवीही येते. लंडनच्या बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत, २०१४ च्या जुलैपासून बंद झालेत. ऑयस्टर नावाचं निळं कार्ड असतं, त्यात पैसे भरायचे. बँकेचं कार्डही चालतं, पण आपल्या इथल्या बँकेचं कार्ड रोज दहा वेळा तिथं टेकवलंस तर परकीय चलनाची कापाकापी होते. कार्ड माणशी एक लागतं. मी कंडक्टरच्या सवयीनं माझंच कार्ड दोनदा टेकवायला गेलो, एक माझं, एक हिचं. यंत्रानं लाल दिवा दाखवला. ड्रायव्हरसाहेब शांतपणे बघत होते आणि मागं रांग. आपल्या गाडीत कुणी एका तिकिटावर दोघं बसले असते तर मी काय बोललो असतो, ते आठवलं आणि गप्प खाली उतरलो.

बसमध्ये फक्त चढताना कार्ड टेकवायचं. भुयारी रेल्वेत आत जाताना आणि बाहेर पडतानाही. बाहेर पडताना विसरलास तर जास्तीत जास्त भाडं कापून घेतात. मी होतो तेव्हा बसचं भाडं पावणेदोन पौंड होतं, आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात दुसरी, तिसरी बस पकडली तर तिचे पैसे पडत नाहीत. ही सोय फार चांगली. चुकीच्या गाडीत बसलास तर घाबरायचं नाही. उतरायचं, समोरच्या बाजूची गाडी धरायची, नुकसान शून्य. म्हाताऱ्यांचा फुकट पास मात्र तिथल्या रहिवाशांना आहे. आपल्याकडं पंचाहत्तरीनंतर एस.टी. फुकट, तो रुबाब तिथं चालायचा नाही.

थांब्यावर उभं राहून हात करायचा, नाहीतर गाडी निघून जाऊ शकते. उतरायचं असेल तर खांबावरचं लाल बटण दाबायचं. पुढच्या थांब्याचं नाव पाटीवर येतं आणि बाई बोलूनही दाखवते, त्यामुळं इंग्रजी तोडकंमोडकं असलं तरी अडत नाही. उतरताना लोक ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात. मला हे इतकं आवडलं, की मी प्रत्येक ड्रायव्हरला जरा मोठ्यानंच म्हणायला लागलो. शेवटी हिनं कोपरानं ढोसलं.

वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर सोडू नकोस. पण जिन्यावर असताना गाडी हलते, तेव्हा वहिनींना खालीच बसव. गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय त्यांचं. तुझ्यासारख्या जुन्या माणसाला आणखी एक सांगतो. तिथंही कंडक्टर होता. रुटमास्टर म्हणून मागून उघडी दुमजली गाडी असायची. तिची शेवटची रोजची फेरी २००५ च्या डिसेंबरात १५९ नंबरच्या मार्गावर झाली. कॉव्हेंट गार्डनला वाहतुकीचं संग्रहालय आहे. त्याला तिकीट आहे आणि ते काही स्वस्त नाही, पण आपल्यासारख्यानं ते काढावं. जुन्या गाड्यांपाशी मी अर्धा दिवस होतो. आपली पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-नगर सुटली, तेव्हा त्यांच्याकडं दुमजली गाड्या कधीच्या धावत होत्या.

मार्ग सांगतो. तुझा पोरगा वेम्ब्लीकडंच राहतो म्हणालास. तिथून १८ नंबर युस्टनला जाते, शेवटपर्यंत बस. वेळ लागतो, पण आपल्याला कुठं पंच मारायचाय? लोक बघायचे, दुकानं बघायची. युस्टनला उतरून पायी पंधरा-वीस मिनिटांवर ब्रिटिश म्युझियम आहे, फुकट. आत स्वच्छतागृह आहे, बसायला बाकं आहेत, पाऊस आला तर डोक्यावर छप्पर आहे. आपल्या वयाला शहर या तीन गोष्टींवर मापावं. नॅशनल गॅलरी फुकट, व्ही अँड ए संग्रहालय फुकट. मात्र व्ही अँड ए मध्ये वाघनखं शोधत फिरू नकोस. ग्रँट डफ साताऱ्याचा रेसिडेंट होता, त्याच्याकडून ती तिकडं पोचली. २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी ती महाराष्ट्रात आली आणि पहिल्यांदा मांडली गेली आपल्याच साताऱ्यात. ती महाराजांचीच, असं ते संग्रहालयही खात्रीनं म्हणत नाही. पण रांगेत तू माझ्या पुढं उभा होतास, ते मी विसरलो नाही.

चॉक फार्म स्टेशनापासून जवळ, किंग हेन्रीज रोडवर १० नंबरचं घर आहे. बाबासाहेब शिकत असताना, १९२१-२२ मध्ये, तिथं राहिले. २०१५ मध्ये आपल्या सरकारनं ते विकत घेतलं. जाण्याआधी उघडं आहे का, एवढं पोराला विचारायला सांग. आत फार काही भपका नाही. मला तेच बरं वाटलं. जिना चढताना आवाज न करता चढलो.

आणि एखादा रविवार महाराष्ट्र मंडळाला दे. १९३२ चं मंडळ आहे, डॉलिस हिलला स्वतःची वास्तू आहे. तिथं गेल्यावर हिला दोन कऱ्हाडच्या बायका भेटल्या, आणि पुढचे तीन आठवडे माझ्याकडं हिचं लक्षच नव्हतं.

बाहेरचं झालं. आता घरातलं, इथंच खरी फजिती होते.

किल्ली. तिथल्या दारांना असं कुलूप असतं, की दार मागं लागलं की आपोआप बंद. बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. मी एकदा सकाळी कचऱ्याची पिशवी खाली टाकायला गेलो. लुंगी आणि बनियन. ही अंघोळीला, पोरगी-जावई कामावर. जिन्यात पाऊल ठेवलं आणि मागं खट्ट. बेल वाजवली, पण हिच्या नळाच्या आवाजात ऐकू जातेय कुठं? खालून एक गोऱ्या आजीबाई कुत्र्याला घेऊन वर येत होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, "मॉर्निंग" म्हणाल्या आणि हवा छान आहे असं काहीतरी बोलल्या. मी पण "व्हेरी नाइस" म्हटलं. लुंगीत, बारा अंश तापमानात. पंचवीस मिनिटांनी हिनं दार उघडलं आणि वर मलाच विचारलं, "कुठं हिंडताय?" तेव्हापासून गळ्यात गोफ बांधून किल्ली. तूही पहिल्याच दिवशी स्वतःची वेगळी किल्ली मागून घे. आणि खिशात एक कागद: पत्ता, पिनकोडसारखा त्यांचा पोस्टकोड, पोराचा आणि सुनेचा नंबर. फोनची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही.

फोडणी. स्वयंपाकघराबाहेर छताला धुराचा भोंगा असतो. मोहरी तडतडली, मिरची पडली की तो किंचाळतो. सकाळी सातला हिनं पोह्यांना फोडणी दिली आणि अख्खी इमारत उठवली. खिडकी उघडायची, शेगडीवरचा पंखा लावायचा, स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचं, मग तेल तापवायचं. तरीही वाजला तर खाली टॉवेल हलवायचा. त्याची बॅटरी काढायची नाही. मी काढली होती, जावयांनी न बोलता परत बसवली.

मिक्सर सकाळी आठच्या आत नको. जमीन लाकडी असते, खालच्याला सगळं ऐकू जातं.

न्हाणीघर. त्याला आपल्यासारखी मोरी नसते, जमिनीत जाळी नसते. टबाबाहेर सांडलेलं पाणी खालच्या माणसाच्या छताला डाग पाडतं. बादली घेऊन ऐसपैस अंघोळ विसर. पडदा टबाच्या आत सोडायचा, बाहेर नाही. दिव्याची कळ म्हणून छतातून दोरी लोंबत असते, ती ओढायची. पण सार्वजनिक ठिकाणी अपंगांच्या शौचालयात लाल दोरी दिसली तर तिला हात लावू नकोस. ती मदतीची घंटा आहे. मी एका संग्रहालयात ओढली आणि बाहेर तिघं जण धावत आले. टमरेल मात्र बॅगेत टाक. हसू नकोस, पहिल्याच सकाळी माझी आठवण काढशील.

बॅगेवर आलोच आहे तर ते संपवतो. कंदी पेढे नेऊ नकोस. जीव तुटतो, मला माहीत आहे. पण भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेण्याला तिथं बंदी आहे. पेढे, खवा, पनीर, साजूक तूप, काही नाही. पहिल्या खेपेला मी दोन किलो पेढे नेले, कुणी अडवलं नाही. नंतर जावयांनी नियम वाचून दाखवला तेव्हा पेढा घशात अडकला. आंब्यांचं ओझंही नको. हापूसची पेटी वेम्ब्लीच्या ईलिंग रोडवर मिळते. महाग असते, मुकाट्यानं घे. न्यायचं ते भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि आपला कांदा-लसूण मसाला. मसाला तीन पिशव्यांत बांध, नाहीतर विमानापासून साहेबापर्यंत सगळ्यांना कळेल आपण कुठले. तिकडच्या प्लगला तीन चपट्या पिना असतात, आपला बसत नाही. दोन अडॅप्टर घे. निघण्याआधी केस कापून घे, तिथल्या न्हाव्याचे पैसे ऐकून केस आपोआप उभे राहतात. चालायचे बूट नवे घेणार असशील तर आत्ताच घे आणि यवतेश्वराच्या घाटात महिनाभर वापर.

औषधं हातातल्या बॅगेत, सगळे दिवस पुरून पंधरा दिवस उरतील एवढी. स्ट्रिपमधून काढून डब्यात भरायची नाहीत, पाकिटासकटच. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासकट, कारण आपल्याकडचं कंपनीचं नाव तिथल्या केमिस्टला कळत नाही. बी.पी.ची गोळी तिथं चिठ्ठीशिवाय कुणी देत नाही. अगदी पॅरासिटामॉलसुद्धा वाण्याच्या दुकानात सोळा गोळ्यांचं पाकीट, एका वेळी दोन पाकिटांवर देत नाहीत.

विमा काढताना तुझी शुगर लपवू नकोस. आधीपासूनच्या आजाराला संरक्षण असलेलाच घे, हप्ता जास्त पडला तरी. तिथं तातडीच्या विभागात बघायचे पैसे घेत नाहीत. पण पाहुण्याला दाखल करून घेतलं की बिल सुरू होतं, आणि ते त्यांच्या सरकारी दराच्या दीडपट असतं. ते बिल शेवटी पोराच्या गळ्यात पडतं. साधी शंका असेल तर १११ ला फोन, जिवावरचं असेल तर ९९९. छातीत दुखलं तर "उगाच पोराला त्रास नको" म्हणून गप्प बसायचं नाही. मी बसलो होतो. ॲसिडिटी निघाली, पण पोरगी दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

विमानतळावर व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेव, वहिनींसाठी. लांबलचक चालावं लागतं. आपण काय म्हातारे झालो का, हा प्रश्न साताऱ्यात ठेवून जायचा. शिक्का मारणारा अधिकारी विचारेल, किती दिवस, कुणाकडं, परत कधी. तेवढंच उत्तर द्यायचं. परतीचं तिकीट आणि पत्ता छापून हातात. एस.टी.तल्या गोष्टी सांगायच्या नाहीत.

आता वहिनींसाठी. जूनमध्ये तिथं सूर्य रात्री सव्वानऊच्या सुमारास मावळतो. ही पहिल्या दिवशी तिन्हीसांजेची वाट बघत बसली, दिवा लावायचा म्हणून. साडेसात झाले, साडेआठ झाले, उन्हं भिंतीवर तशीच. पोरगी जांभया देत होती. शेवटी हिनं ठरवलं, घड्याळात सात वाजले की सांज. संकष्टीला तर कहर झाला. कालनिर्णयमधली चंद्रोदयाची वेळ मुंबईची. तिथला चंद्र मध्यरात्रीच्या आसपास उगवणार, आणि त्यात ढग. हिनं साताऱ्याला जावेला फोन करून विचारलं, "तुमच्याकडं उगवला का?" आणि उपास सोडला. देवाला चाललं असावं.

माझं पोरीचं घर होतं, तुझं सुनेचं आहे. ते जास्त नाजूक. वहिनींना सांग, डबे लावून ठेवायचे नाहीत. मसाल्याचा डबा जिथं आहे तिथंच बरा आहे. सून घरी आल्यावर गरम जेवण मिळालं तर तिला हवंच असेल, पण काय करू हे सकाळी विचारून घ्यायचं. आठवड्यातून दोन दिवस ती दोघं बाहेर जेवायला जाऊ देत, तुम्ही घरी खिचडी खा. पोरगा दारातून आत आला की पहिला अर्धा तास त्याला काही विचारायचं नाही. तो बूट काढेल, फोन बघेल, कपाटं उघडझाप करील. मग आपणहून येऊन बसेल. हे मला दुसऱ्या खेपेला कळलं. मी दिवसभर कुठं कुठं भटकलो, ते पोरगी मला विचारायला लागली. कुठल्या थांब्यावर चुकलो, कुणी रस्ता दाखवला. पूर्वी मी डेपोतून घरी आलो की ती असंच विचारायची.

पैसे थोडे तुझे स्वतःचे ने. कॉफीचे, तिकिटाचे पैसे दर वेळी पोरानं काढले की आपणच संकोचतो. आणि पौंडाचे रुपये करायचे ते एकदाच, साताऱ्यात, निघण्याआधी. दुकानात उभं राहून मोठ्यानं करायचे नाहीत.

किती दिवस राहायचं? व्हिसा सहा महिने राहू देतो म्हणून सहा महिने राहायचं नसतं. माझा हिशेब सहा आठवड्यांचा. मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत. तिसऱ्या खेपेला आम्ही नोव्हेंबर-डिसेंबर काढला. दुपारी चारच्या सुमारास अंधार पडायचा, आणि आम्ही दोघं खिडकीपाशी बसून पोरीच्या येण्याकडं डोळे लावून असायचो. ती आल्यावर आमचे चेहरे बघून तिचा चेहरा पडायचा. थंडीत जाऊ नकोस.

उद्या संध्याकाळी घरी ये. माझी दोन ऑयस्टर कार्डं पडून आहेत, त्यातले पैसे मुदत संपून जात नाहीत. माझ्या कार्डात चारेक पौंड असतील, हिच्यात किती ते आठवत नाही. तुझं तू ठेव, वहिनींचं वहिनींच्या पर्समध्ये दे. परत आल्यावर आणून द्यायची, आम्हाला पुढच्या वर्षी मे महिन्यात लागणार आहेत.